मकबूलकडे दिलेला गलेफ

बेळगावहून निपाणी ती कितीशी लांब! पण मकबूल गेल्यावर तिथे जायला मला वर्ष लागलं. शनिवारी सकाळी गलेफाची (मजारीवर घालायची चादर) पिशवी मांडीवर घेऊन बसमध्ये बसलो. टिळकवाडीच्या शाळेत मकबूल माझ्याबरोबर शिकवायचा. वडगावात आमचे हातमाग. निपाणीकडच्या उरुसासाठी आमच्या मागावरचा गलेफ मी दरसाल त्याच्याकडे द्यायचो आणि बजावायचो, "माझ्यासाठी दुवा माग रे." तो म्हणायचा, "मागतो की." यंदाचा गलेफ त्याच्याच कबरीवर घालायचा, असं मी ठरवलं होतं.

संकेश्वरपर्यंत उसाची शेतं बघत होतो. मग डुलकी लागली आणि निपाणी मागे गेली. पुढच्या थांब्यावर उतरून उन्हातून उलटा चालत आलो.

दारात मकबूलचे थोरले भाऊ बाबालाल वाट बघत होते. मकबूलच्या मुलीने, शमाने, गरम शाबूची खिचडी पुढे ठेवली.

"तुमचा शनिवार असतो, काका. अब्बांनी सांगून ठेवलंय."

चार घास सुखाने खाल्ले आणि गलेफ उलगडून मनातलं सांगितलं. शमा चुलत्याकडे बघू लागली.

"मास्तर, मकबूल गलेफ घालणाऱ्यातला न्हवता," बाबालाल हळूच म्हणाले. "मी उरुसात म्होरं, त्यो घरात कुराण वाचत बसायचा. मुसलमान सगळे एकच मानत्यात असं न्हाय."

"मग माझा गलेफ?"

"मला आणून द्यायचा. मी चढवायचो. मास्तरांनी मायेनं दिलंय म्हणायचा."

"तुमची भांडणं नाही व्हायची?"

"लई व्हायची! ताट मातर एकच."

शमा म्हणाली, "दुवा ते घरीच मागायचे, काका. तुमचं नाव घेऊन."

मग कबरस्तानात गेलो. मकबूलच्या कबरीवर नुसती माती होती. बाबालालांनी दुवेसाठी हात पसरले, मी जोडले. गलेफ त्यांनाच दिला, दर्ग्यावर चढवायला.

परतताना फार वाईट वाटत होतं. शनिवार का धरतोस, काय चालतं, काय चालत नाही, सगळं त्याने मला विचारून घेतलं होतं. इतकी वर्षं शेजारी बसून डबा खाल्ला, पण तू काय मानतोस, एवढं मी एकदाही विचारलं नाही. मुसलमान म्हणजे दर्गा, हे माझं मीच ठरवून मोकळा झालो होतो.

घरी बायकोने विचारलं, "घातलात गलेफ?"

"नाही," म्हटलं. "त्याला तो कधीच नको होता. आणि मी दरसाल त्याच्याच हातात देत होतो."