अप्पासाहेबांचा जागेपणीचा फोटो

अप्पासाहेब शिंप्यांचं तोंड बंद ठेवणं आजवर कुणालाच जमलं नव्हतं. मल्लेश्वरममध्ये त्यांचं दुकान. घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळूरचंच, त्यामुळे गिऱ्हाइकाशी कन्नड आणि बायकोशी, मालनबाईंशी, मराठी, पण बडबड दोन्हीकडे सारखीच. छातीचं माप घेता घेता ते गिऱ्हाइकाच्या सासुरवाडीपर्यंत पोचायचे. मालनबाई म्हणायच्या, "यांच्या जिभेला रविवारचीसुद्धा सुट्टी नाही."

नव्व्याण्णव साली त्यांचा हात थरथरू लागला. कात्री भरकटली, एका नवरदेवाचा कोट वाया गेला. मोठ्या डॉक्टरांना पार्किन्सनची शंका आली. तो असेल तर आज ना उद्या कात्री खाली ठेवावी लागणार. नुसती कंपाची व्याधी असेल, तर गोळ्यांवर भागेल. पार्किन्सनमध्ये मेंदूतलं डोपामीन नावाचं रसायन घटतं, म्हणून नक्की सांगायला त्याचा फोटो हवा होता, आणि तो तेव्हा संशोधनापुरताच निघत असे. पुतणी दिव्यश्री त्याच इस्पितळात भूल देणारी डॉक्टर होती. तिनं काकांचं नाव घालून दिलं. अप्पासाहेब आतून पार हादरले होते, आणि हादरले की ते दुप्पट बोलत.

इंजेक्शन दिलं, बराच वेळ बसवून ठेवलं, मग पलंगावर आडवं केलं. यंत्र डोक्याभोवती फिरू लागलं आणि यांना ते चालवणाऱ्या अरविंदची कॉलर दिसली.

"अरविंदण्णा, ही कुणी शिवली हो? स्वल्प वाकडी बसलीय."

मान वळली, फोटो फिसकटला. दुसऱ्यांदाही तेच. औषधाचा असर दुपारपर्यंतच टिकणार होता, आणि परदेशातून पुढचं कधी येईल याचा नेम नव्हता.

"दिव्या, मला गॅस दे," अप्पासाहेब म्हणाले. "झोपलो की गप्प पडेन."

"दे बाई. एक नळकांडं घरीही दे," मालनबाई म्हणाल्या.

दिव्यश्री हसली, पण बधली नाही. "दोड्डप्पा, गॅसनं माणूस झोपतो, पण मेंदूतल्या डोपामीनची ये-जाही बदलते. माकडांवर करून पाहिलंय. तेच माकड, जागेपणी एक फोटो आणि भुलीत दुसराच. मग फोटोत दिसतंय ते आजाराचं की माझ्या गॅसचं, कसं ओळखायचं? ओल्या कापडाचं माप घेता का तुम्ही?"

हे मात्र त्यांना पटलं. ओल्या कापडाचं माप घेणाऱ्याला त्यांनी दुकानातून हाकललंच असतं. "सरी, बरोबर आहे," म्हणाले, आणि लगेच ओल्या कापडाची एक जुनी हकिकत सुरू केली.

मालनबाईंनी कपाळाला हात लावला. मग म्हणाल्या, "अगं, हे गप्प असतात की. अंगावर कोट बसवून बघताना ओठांत टाचण्या धरतात ना, तेव्हा. तेवढाच काय तो माझा विसावा."

टाचण्या तोंडात द्यायला दिव्यश्री तयार होईना. अरविंदनं काडेपेटीतली काडी काढून तिचं गुल मोडून टाकलं. अप्पासाहेबांनी ती ओठांत धरली आणि काय सांगावं, चेहराच बदलला. नजर एका जागी बसली. छताकडे असे बघत राहिले, जणू तिथं कुणी नवा कोट घालून उभं आहे. डोकं तसूभर हललं नाही. काचेपलीकडून मालनबाई बघत होत्या. लग्न झाल्यापासून एवढा वेळ गप्प नवरा त्या पहिल्यांदाच पाहत होत्या, आणि त्यांना ते अजिबात आवडलं नाही.

संध्याकाळी मोठ्या डॉक्टरांनी बोलावलं. फोटोत दोन्ही बाजू सारख्या उजळल्या होत्या. डोपामीन शाबूत होतं, म्हणजे पार्किन्सन नव्हता. थरथर राहील, गोळ्यांनी बरीच कमी होईल, दुकान बंद करायचं काही कारण नाही, असं त्यांनी सांगितलं.

अप्पासाहेब काहीच बोलले नाहीत. डोळे भरून आले होते. मालनबाई घाबरल्या.

"अहो, बोला की काहीतरी."

त्यांनी थरथरता हात बायकोपुढे धरला.

"सुईत दोरा तेवढा तू ओवून देत जा," ते म्हणाले. "पुढचं मी बघतो."