होडीच्या नावावरची माणसं

तोंडवलीत आडनाव असतं ते शाळेच्या दाखल्यापुरतं. एरवी अमका कुठला विचारलं, तर 'भराडी प्रसाद' होडीवरचा. म्हणून गौरजाने मच्छीमार सोसायटीच्या नोंदी संगणकावर चढवायला घेतल्या, तेव्हा फार डोकं खाजवलं नाही. मालवणात संगणक शिकलेली, निहारशी लग्न करून किनाऱ्यावर आलेली ही बाई; कागदांच्या गठ्ठ्यांचा तिला मनस्वी राग. तिने एक तक्ता होड्यांचा केला, एक खलाशांचा, एक त्यांच्या घरच्यांचा. खलाशी होडीला बांधला, घरची माणसं खलाशाला. हे बरोबर ना, असं तिने निहारलाच विचारलं होतं. तो स्वतः खलाशी.

"माणूस होडयेचोच, गो," तो म्हणाला आणि विषय संपला.

तिने घेतलेलं फ्रेमवर्क, म्हणजे असली कामं उभी करायचा तयार सांगाडा, ही नाती चोख सांभाळायचं. होडी उघडली की तिचे खलाशी समोर, खलाशी उघडला की त्याची बायकापोरं. होडी काढून टाकली, तर तिच्यावर टेकलेल्या सगळ्या नोंदीही ते आपणहून काढायचं, मागे बिनआधाराचं काही उरू नये म्हणून. गौरजाला ही सोय भारी आवडली होती. जळो ती सोय.

२००९च्या नोव्हेंबरातल्या वादळात 'भराडी प्रसाद' परतली नाही. निहार आणि आणखी तिघे होते तिच्यावर. ना फळी किनाऱ्याला लागली, ना जाळ्याचा तुकडा. त्यामुळे निहार गेला असं घरात कोणी म्हणालं नाही. सासरे, आबा, जन्मभर तांडेलकी केलेले, म्हणजे होडी हाकणारे. ते सांगायचे की इंजिन बंद पडलं असेल, होडी वाहत दक्षिणेला गेली असेल, कुणीतरी ओढून नेली असेल. गौरजाही तेच घट्ट धरून बसली. होडी आहे म्हणजे निहार आहे, एवढ्यावर तिचा जीव तगून होता.

पुढच्या पावसाळ्यात सोसायटीने ती होडी नोंदीतून काढायचं ठरवलं. होडीचे मालक दाजी हे सांगायला स्वतः आले. नारळी पौर्णिमेला त्यांची नवी होडी पाण्यात उतरायची होती, आणि त्याआधी जुनीची नोंद जायला हवी होती. मान वर न करता बोलले बिचारे, आणि चहाही न घेता गेले. त्यांच्यावर रागवायचीही सोय नव्हती.

गौरजाने होडीची नोंद उघडून 'काढा'वर बोट ठेवलं. फ्रेमवर्क काही अगदीच निर्दय नसतं. ते आधी विचारतं. ही होडी काढल्यास पुढील नोंदीही जातील, असं लिहून त्याने खाली पायरी पायरीने नावं मांडली. निहार, खलाशी. त्याच्या पोटात गौरजा, पत्नी. रिया, मुलगी. मग बाकीचे तिघे आणि त्यांच्या घरची. नक्की काढायचं? स्वतःचं नाव त्या पंगतीत तिने दोनदा वाचलं. पदराचा बोळा तोंडात धरून ती रडली, आणि 'नाही' दाबून उठली.

दुसऱ्या दिवशी मात्र ती इरेला पेटूनच आली. होडी गेली तरी खलाशाला हात लावायचा नाही, फक्त त्याच्या होडीचा रकाना रिकामा करायचा, असं तिने फ्रेमवर्कला बजावलं. तक्त्यातही तो रकाना रिकामा चालेल अशी मुभा दिली. काम घटकाभराचं. मग होडी काढली. निहार आणि बाकी तिघे जागच्या जागी राहिले. तिला इतकं हायसं वाटलं की जेवायला बोलवायला सोसायटीत आलेल्या आबांना तिने हाताला धरून पडद्यासमोर आणलं.

"निहार रवलो हा, आबा. मी जावक दिलंय नाय."

आबा शाळेत चारच यत्ता शिकलेले. त्यांनी बोट लावून सावकाश वाचलं. नाव, गाव, वय. होडीपाशी बोट थांबलं. पुढे काहीच नव्हतं.

"आणि होडी?"

तिने सांगितलं की ती जागा रिकामी ठेवावी लागली, त्याशिवाय तो वाचत नव्हता.

आबांनी त्या रिकाम्या जागेवरचं बोट काढलं नाही.

"होडी नाय, तर दर्यात माणूस उभो खंय रवतलो, गो?"

निहारला वाचवायच्या नादात तिनेच त्याच्या पायाखालची होडी काढून घेतली होती. आबा खुर्चीत बसले आणि वादळानंतर पहिल्यांदाच मुलाच्या नावाने मोठ्याने रडले. होडी दक्षिणेला वाहत गेली असेल, असं त्यांना सांगायला तिची जीभ रेटली नाही.