अकरा महिन्यांचा माणूस

कुवेतमधल्या मीना अब्दुल्लाच्या आमच्या यार्डात माझ्या रिपोर्टचा असा दरारा होता, की वाळूचं वादळसुद्धा गेटवर थांबून आपला नंबर कितवा ते विचारायचं. थोडं वाढवून सांगतोय, पण थोडंच. कंपनीतली सुट्टी त्या रिपोर्टवर ठरायची. प्रत्येक माणसाच्या येण्याजाण्याच्या नोंदी एका गटात गोळा करायच्या, शेवटची आल्याची तारीख आजच्या तारखेतून वजा करायची. ज्याचे दिवस जास्त, तो यादीत वर. आमचा मुदीर, म्हणजे इजिप्शियन मॅनेजर, ती यादी बघायचा आणि सही ठोकायचा. बापावरही ठेवला नसेल एवढा विश्वास.

मालवणकडचा एक वेल्डर होता. त्याचा बाप अर्धांगवायूने पडलेला, बोलणं जवळजवळ बंद. मुलाचं नाव तेवढं घ्यायचा, आणि तेही आता कमी होत चाललं होतं. बोलणं पुरतं थांबायच्या आत एकदा समोर बसायचं, एवढंच त्याला हवं होतं. आजारपणाची कारणं सगळेच सांगतात म्हणून मुदीर ती ऐकायचा नाही. वेल्डर मग माझ्याकडे आला. मी ऐटीत स्क्रीन त्याच्याकडे वळवली. अकरा महिने.

"तीन वर्षां झाली, सायबानू," तो म्हणाला.

मी त्याला समजावलं की उन्हात माणसाला दिवस लांब वाटतात, मशीनला ऊन लागत नाही. असली वाक्यं मला जागेवर सुचतात, वाईट खोड आहे. त्याने बोटांवर महिने मोजले, परत मोजले आणि "असतीत" म्हणून निघून गेला. तीन वर्षं स्वतः काढलेला माणूस, माझ्या आकड्यापुढे स्वतःवरच शंका घेऊन गेला.

आठवड्याने तो परत आला आणि दोन पासपोर्ट टेबलावर ठेवून कामावर गेला. जुना नव्याला रबराने बांधलेला, आपली माणसं ठेवतात तसा. जुन्यावर आल्याचा शिक्का होता. तीन वर्षांपूर्वीचा.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मी गट पासपोर्ट नंबरावर पाडले होते. नंबर बदलला की एका माणसाचे दोन व्हायचे. जुना नंबर रद्द, म्हणून जुना माणूस यादीतून गायब, आणि नवा पासपोर्ट नोंदवला त्या दिवशी हा जणू पहिल्यांदाच कुवेतला उतरला. असे अर्धे कापलेले आणखी बरेच निघाले. सिव्हिल आयडी, म्हणजे इथल्या सरकारी ओळखपत्राचा नंबर, बदलत नाही. त्यावर गट पाडून रिपोर्ट चालवला तर वेल्डर एकदम पहिला. अकराशे बारा दिवस.

चूक माझी, असं मी कुणालाच सांगितलं नाही. मुदीरला म्हणालो, सिस्टीम सुधारली. त्याने माझी पाठ थोपटली.

सुट्टीचे कागद आणि तिकीट व्हायला बारा दिवस लागले. त्यातल्या तिसऱ्याच दिवशी त्याचा बाप गेला.

तो परतला तो डोकं भादरलेला. अबू हलिफा गावातल्या माझ्या खोलीवर आला, सोलांची पुडी दिली आणि बाकड्यावर बसला. बरोबरच्या पोरांनी त्याला सांगितलं होतं, की सायबाने मुदीरशी भांडून तुझा नंबर वर आणला. ही थाप कुणी पसरवली ते विचारू नका.

"तुमच्यामुळे तेराव्याक तरी पोचलंय," तो म्हणाला.

चहा टाकायला उठलो आणि साखर किती, एवढंच विचारलं. खरं सांगायला तेव्हा एक मिनिट पुरलं असतं. मी दूध उतू जाईपर्यंत तिथेच पाठमोरा उभा राहिलो.

चहा संपवून त्याने कप स्वतःच विसळला आणि आईच्या काळजीने हळूच विचारलं, "आवस आता एकटीच आसा. माझो नंबर परत कधी लागतलो?"

त्याच्या समाधानासाठी लॅपटॉप उघडला. गट बरोबर होता, वजाबाकी बरोबर होती. सर्वांत खाली त्याचा नंबर, आणि दिवस दोन.