सोपानने सांगितलेला शेवट

रविवार, दशक्रियेची सकाळ, भीमेकाठचा घाट. हजर : सोपानची बायको मंगल, मुलगी, धाकटा भाऊ, वडील म्हणजे माझे मामा आप्पा, अर्धं खुटबाव गाव, सणसवाडीच्या कारखान्यातून आलेले कामगार आणि त्यांचा लेबर कॉन्ट्रॅक्टर. या शेवटच्या माणसाचं नाव मला पाठ आहे, इथे लिहीत नाही. मांडव, माइक आणि जेवण माझ्याकडे होतं. आमच्याकडे दशक्रियेला श्रद्धांजलीची भाषणं होतात आणि माइक मागणाऱ्याला नाही म्हणायची रीत नाही. कॉन्ट्रॅक्टरने तो मागितला. "सोपान माझ्या धाकट्या भावासारखा होता," म्हणाला आणि रुमाल डोळ्यांना लावला. ज्या मशीनमध्ये सोपान ओढला गेला, तिची संरक्षक जाळी याच माणसाने काढायला लावली होती, माल भराभर निघावा म्हणून. सोपानने मला फोनवर सांगितलं होतं, "आक्के, जाळी बसवा म्हणलं तर म्हणतो, भ्या वाटत असंल तर बांगड्या भर." कागदोपत्री मात्र कामगाराचा हलगर्जीपणा. माइकची वायर माझ्या पायाशीच होती. मी ती उपटणार, तेवढ्यात आप्पांनी माझ्याकडे पाहिलं... आणि मी हात मागे घेतला.

सोपान माझ्याहून लहान, पण बोलण्यात थोरला. आमच्या लहानपणी गणपतीत खुटबावला भाड्याने टीव्ही-व्हीसीआर यायचा. एका वर्षी परग्रहावरच्या यंत्रमाणसांचा इंग्रजी सिनेमा आला. एक अक्षर कुणाला कळेना. सोपान उठला, टीव्हीशेजारी उभा राहिला आणि सगळ्यांचे संवाद मराठीत म्हणू लागला. यंत्रांचा सरदार हिरोच्या जोडीदाराला मारतो, हिरो त्याच्या मागावर निघतो. सरदार पायाखाली आला आणि नेमकी वीज गेली. भर दुपारी सगळं गाव ओरडलं. "गप बसा, म्या सांगतो," सोपान म्हणाला. "हिरो म्हंतो, माझ्या दोस्ताचं नाव घे. सगळ्यांम्होरं घे. मोठ्यानं! घेतलंस? आता जा मसणात!" टाळ्या पडल्या. कॅसेट दुसऱ्या गावाला गेली. खरा शेवट आम्ही कुणीच पाहिला नाही, आणि पुढे वर्षानुवर्षं लग्नाकार्यात पोरं सोपानला तोच शेवट म्हणायला लावायची.

दशक्रियेनंतर मी अपघाताच्या चौकशीसाठी तक्रारीचा अर्ज तयार केला. ज्यांनी जाळी काढताना पाहिलं होतं असे दोन कामगार सही करायला तयार होते. पहिली सही मंगलची हवी होती आणि तिथेच अडलं. आप्पा म्हणाले, "धाकटा त्या कॉन्ट्रॅक्टरच्याच गाडीवर ड्रायव्हर हाय. गेला त्यो गेला, ऱ्हायलेल्याची भाकरी कशापायी घालवती?" मंगलला आणि मुलीला चार दिवस शिरूरला माझ्या घरी घेऊन आले.

तिथे सोपानच्या मुलीने तो सिनेमा मोबाइलवर शोधला, हिंदीत. मी चहा ठेवला आणि आम्ही तिघी बघायला बसलो. लहानपणी ज्यांना पाहून मी मामीच्या पदरात तोंड लपवलं होतं, ती यंत्रमाणसं म्हणजे रंग दिलेले पत्रे निघाले. एकाच्या तर पाठीची चेन दिसत होती. मुलगी हसली, मंगलही हसली, सोपान गेल्यापासून पहिल्यांदा. मग शेवट आला. सरदार पायाखाली, हिरोच्या हातात बंदूक... आणि हिरोने बंदूक टाकली. सरदाराला माफ केलं आणि चालू लागला. मागे व्हायोलिन.

"संपला?" मंगलने विचारलं.

"संपला."

"आन् त्यो मेलेला जोडीदार? त्याचं नावबी घेतलं न्हाई कुणी?" तिने मोबाइल पालथा ठेवला. "ह्यांचा शेवट बरा व्हता, आक्का. आणा तो अर्ज."

माफीबद्दल चांगलं बोलणारी माणसं मला गेल्या काही आठवड्यांत पुष्कळ भेटली. त्यांच्यापैकी कुणाचंच माणूस मशीनमध्ये गेलेलं नाही. मला त्या कॉन्ट्रॅक्टरचं रक्त नको. त्याने चौकशीत, सगळ्यांसमोर, जाळी कुणी काढायला लावली ते स्वतःच्या तोंडाने सांगावं, आणि सांगताना त्याच्या हातात रुमाल नसावा. अर्ज सोमवारी गेला. पोच माझ्याकडे आहे.

धाकट्याची नोकरी जाईल. त्याच्यासाठी मी शिरूरमध्ये दोन ठिकाणी शब्द टाकलाय, अजून होकार नाही. अर्ज गेल्याचं आप्पांना मात्र अजून माहीत नाही. हे ज्यात छापून येईल ती रविवारची पुरवणी ते शेवटच्या पानापर्यंत वाचतात. त्याआधी मला खुटबावला जायचंय.