काकांच्या पहाडाची पायरी

तुमसरला आमच्या घरासमोर राहणारे काका राइस मिलमध्ये कामाला होते. दिवसभर मशीनच्या आवाजात काढल्यामुळे ते घरीही ओरडूनच बोलायचे. काकूंकडे प्यायला पाणी मागितलं, तरी सगळ्या गल्लीला कळायचं.

संध्याकाळी आम्ही पोरं नदी-पहाड खेळायचो. रस्ता म्हणजे नदी आणि घरांचे ओटे म्हणजे पहाड. नदीत पाय टाकला, की ज्याच्यावर राज्य असेल तो शिवायला धावायचा. सगळ्यात उंच पहाड काकांचा, शेणानं सारवलेला. त्यावर आमचे पाय उमटले, की काका बाहेर यायचे. "काहून रे, तुमच्या बापाचा ओटा हाये काय? उतरा खाली!" आम्ही उतरायचो आणि ते आत गेले की पुन्हा चढायचो.

माझ्या धाकट्या बहिणीला मात्र तो ओटा चढता यायचा नाही. रोज ती तिथेच पकडली जायची आणि रडत घरी यायची. शेवटी तिनं खेळणंच सोडलं.

त्या उन्हाळ्यात काकांनी ओट्याला फरशी बसवली आणि कडेला एक बुटकी पायरी बांधून घेतली. "माहे गुडघे दुखून राहिले ना!" असं ते मिस्त्रीला ओरडून सांगत होते. स्वतः मात्र नंतरही समोरूनच, गुडघ्यावर हात टेकून, कण्हत चढायचे.

बहीण पुन्हा खेळायला आली, तेव्हा काका दारातच उभे होते. ती धावत पायरीपाशी आली आणि त्यांना बघून घाबरून थांबली.

काका गरजले, "चढ वो पोरी लवकर, पाणी वाढून राहिलं!"