चार बोटं उंच काठ

शाळेच्या अंगणातलं पावसाचं पाणी वाहून न जाता जागच्या जागी मुरावं, म्हणून शाळेने बोलावलेल्या, बागा आखून देणाऱ्या बाईंनी तिथे एक बाग आखली होती. मधोमध बशीसारखा खोलगट भाग, तळाशी खडी, वर रेताड माती, त्यात खोल मुळांची गवतं आणि जांभळ्या फुलांची झुडपं. बावीस वर्षं त्या हेच काम करत होत्या. त्यांच्या बागा बघायला लोक वाट वाकडी करून येत.

शाळेचे माळीकाका साठीचे, मोजकं बोलणारे. कडेचे काळे दगड बसवताना ते म्हणाले, "बाई, काठ चार बोटं उंच होतोय. पाण्यानं आत शिरायचं कुठून?"

"काका, काठ उठून दिसायला हवा. पाण्याचं मी बघते."

"बघा बुवा. पाण्याला देखणेपण कळत नाही, उतार तेवढा कळतो."

बाई हसल्या आणि पुढच्या दगडाकडे वळल्या.

महिन्याभराने एका दुपारी धो धो पाऊस कोसळला. पाणी काठाला थडकलं, वळलं आणि थेट शाळेच्या ग्रंथालयात घुसलं. खालच्या दोन फळ्यांवरची पुस्तकं भिजून टम्म फुगली.

मुख्याध्यापिकांनी कारण विचारलं. बाई बोलून गेल्या, "पालापाचोळा अडकला असेल. साफसफाई झाली नसावी."

माळीकाका दारातच फडकं पिळत होते. त्यांनी एकदा वर पाहिलं आणि पुन्हा फडकं पिळायला घेतलं. चार दिवसांनी त्यांना कामावरून काढलं. चोर सोडून संन्याशाला फाशी!

बाईंना अन्न गोड लागेना. नवऱ्याने काळजीने विचारलं, तर त्याच्यावरच खेकसल्या. शेवटी आठव्या दिवशी त्या मुख्याध्यापिकांसमोर उभ्या राहिल्या. "काठ मी उंच केला. काकांनी बजावलं होतं. मी खोटं बोलले."

तिथून त्या काकांच्या घरी गेल्या. दार काकूंनी उघडलं. "तुम्हीच का त्या बाई? तुमच्या बागेचं हे किती कौतुक करतात! आता वय झालं म्हणून काम सोडलं, नाहीतर..."

बाईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. काकांनी घरीसुद्धा त्यांना बोल लावला नव्हता.

काका बाहेर आले तसे बाईंनी हात जोडले. काका म्हणाले, "तेव्हाच बोलला असतात, तर बरं झालं असतं."

सोमवारी काका पुन्हा कामावर आले. छिन्नी घेऊन त्यांनी तीन जागी काठ फोडला. पुढच्या पावसात पाणी त्या वाटांनी मुकाट आत शिरलं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत मुरलंही.

"बघा आता," काका म्हणाले.

बाई पाण्याकडेच बघत राहिल्या. काकांकडे बघायला मान वर होत नव्हती.