दात दिसणारा फोटो

“बाईचे दात दिसतात, अक्का. असा फोटो स्पर्धेला पाठवतात का?”

भास्करनाना अर्धा तास हेच म्हणत होते. मी म्हटलं, “नाना, तिला दात आहेत म्हणून दिसतात.”

“विषय ‘श्रम’ आहे. श्रम करणारी बाई हसते का?”

“तुम्ही कधी केलेत, म्हणून तुम्हाला माहीत?”

हा वाद अमळनेरला माझ्या स्टुडिओच्या मागच्या खोलीत चालला होता. ऐंशी सालानंतरची गोष्ट. आमचं चौघांचं फोटोसर्कल होतं. नाना अध्यक्ष. ड्रॉइंग शिकवणारे पाटील सर. दोंडाईच्याहून रेल्वेने येणारे हिराशेठ, ज्यांचा कॅमेरा सगळ्यांत भारी. आणि मी. राज्याच्या स्पर्धेला एका सर्कलचा एकच फोटो घेणार होते. नानांचा होता बैलगाडी आणि मागे मावळता सूर्य. माझी होती जिनिंग कारखान्यातली कापूस निवडणारी बाई. डोक्यापासून पायापर्यंत कापूस आणि तोंडभर हसू. मी तिला सवयीने म्हटलं होतं, “तोंड मिट.” ती म्हणाली, “मनंच तोंड शे, दिसू दे.” मी बटण दाबलं.

वीस वर्षांत माझा एकही फोटो स्पर्धेला गेला नव्हता. ह्या खेपेला जायलाच हवा होता.

फोटो निवडायला माणसं बसली की किस्से साचतातच. माझ्याकडे तर निगेटिव्हच्या डब्यांइतके साचलेत. तो वाद कुठं पळून जात नाही, आधी दोनचार ऐका.

* * *

मी चौथी शिकलेली. आमचे हे फोटो काढायचे आणि मी आत निगेटिव्ह धुवायची. हे गेले आणि कॅमेरा माझ्याकडे आला. शिकवायला कुणी नव्हतं. बिघडवून शिकले.

पहिली मोठी बिघडवणूक धरणगावच्या एका मुलाची. मुलीकडे पाठवायला फोटो हवा होता आणि मिशी होती जेमतेम. मुलाचा बाप म्हणाला, “अक्का, मिशी जरा भरून काढा.” मी निगेटिव्हवर पेन्सिलीने मिशी चांगली काळी केली. निगेटिव्हवर जे काळं ते फोटोत पांढरं येतं, हे त्या दिवशी घाईत डोक्यातून गेलं. प्रिंट निघाली ती पांढरीशुभ्र मिशीवाली.

माफी मागायला तोंड उघडणार, तोच बाप फोटोकडे टक लावून म्हणाला, “हाऊ ते आमना आबा शे.”

आबांचा एकही फोटो घरात नव्हता. त्यांनी तोच मोठा करून घेतला, फ्रेम केली आणि वर हार घातला. मुलाचा फोटो मी दुसरा काढून दिला. लग्न जमलं. सून रोज सकाळी नवऱ्यालाच नमस्कार करत असणार, पण मी काही बोलले नाही.

* * *

न बोलणं हा माझ्या धंद्याचा नियम. आसपासच्या गावांतले फोटोग्राफर रिटचिंगला, म्हणजे पेन्सिलीने डागडुजी करायला, निगेटिव्ह माझ्याकडेच पाठवायचे. कुणाच्या निगेटिव्हवर आपण काय केलं ते बाहेर सांगायचं नाही. पेन्सिल चालवावी आणि तोंड मिटावं.

हिराशेठ फोटो काढायला बसले की हमखास डाव्या डोळ्याने दगा द्यायचे. सहा वेळा काढला, सहाही वेळा डोळा मिटलेला. शेवटी मी भिंगाखाली बसून मिटलेल्या पापणीवर उघडा डोळा काढला. चांगला तरतरीत. खऱ्यापेक्षा बरा.

पुढच्या वर्षी सर्कलच्या बैठकीत कुणाचा तरी फोटो डोळे मिटलेला निघाला. शेठ खिशातून स्वतःचा फोटो काढून म्हणाले, “कॅमेऱ्यासमोर डोळा लवता कामा नये. माझा बघा. जन्मात कधी लवला नाही.”

हे बोलताना दोनदा लवला.

* * *

सरांचं वेगळंच. एका वर्षी विषय होता ‘एकांत’. सरांनी एसटी स्टँडवर बाकावर एकटाच बसलेला म्हातारा टिपला. मी फोटो मोठा करायला घेतला, तर म्हाताऱ्यामागे अकरा माणसं ओळीने उभी राहून कॅमेऱ्याकडे बघतायत.

सर म्हणाले, “थोडं कापा.” कापलं. तरी चौघं उरले. अजून कापलं. म्हाताऱ्याचं डोकं गेलं, तरी मागे एकाचा कान शिल्लक. कापता कापता सरतेशेवटी उरला तो म्हाताऱ्याचा धोतरातला गुडघा. मुदत संपत आलेली. सरांनी गुडघाच पाठवला.

उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. परीक्षकांनी लिहिलं होतं, ‘वाळूची टेकडी फार सुंदर.’

तेव्हापासून सर वर्गात सांगतात, वाळूवर उजेड कसा पकडावा.

* * *

तर तो वाद. शेठ नानांच्या बाजूला, सर माझ्या. दोनाला दोन झाले की अध्यक्षांना आणखी एक मत, हा नियम नानांनीच केलेला. तरी नानांना माझा फोटो नुसता पाडायचा नव्हता, बादच करायचा होता. त्यांनी स्पर्धेचं पत्रक उघडलं आणि खणखणीत वाचलं, “निगेटिव्हवर हाताने कोणतेही काम केलेले नसावे.”

मग चष्मा काढून म्हणाले, “अक्का, राग मानू नका. तुमचं आयुष्य पेन्सिलीत गेलं. तुमच्या फोटोवर कोण विश्वास ठेवणार? रिटचिंग वेगळं आणि फोटोग्राफी वेगळी.”

मी उठले, माझी निगेटिव्ह आणली आणि खिडकीच्या उजेडात धरली. सरांनी भिंग लावून पाहिलं. शेठनीही पाहिलं. पेन्सिलीचं एक टोक कुठं टेकलेलं नव्हतं.

“ठीक,” नाना म्हणाले, “पण माझ्या फोटोत जो सूर्य आहे, तो नशिबाने मिळतो. असा सूर्य पुन्हा येत नाही.”

सर मघापासून बैलगाडीच्या फोटोवर वाकले होते. हळूच म्हणाले, “नाना, सूर्य गाडीच्या मागे आहे ना? मग बैलांच्या सावल्याही मागेच, सूर्याकडे कशा पडल्यात?”

“खान्देशातलं ऊन आहे सर,” नाना म्हणाले, “कसंही पडतं. आता मत घ्या.”

दसऱ्याच्या सुमाराला नानांनी ह्या बैलगाडीची निगेटिव्ह माझ्याकडेच दिली होती. रिकाम्या आभाळात एक छोटा, खोल ओरखडा होता. “अक्का, एवढं जरा बघा,” असं म्हणून गेले होते. मी बघितलं होतं. काळी शाई, बारीक ब्रश, आणि ओरखड्यावर एक गोल ठिपका. प्रिंट नेताना नाना इतके खूश होते, की मी न बोलण्याचा नियम पाळला होता.

शेठनी नानांसाठी हात वर केला. नानांनी स्वतःचा केला आणि अध्यक्षांचा म्हणून दुसराही करायला लागले.

मी बैलगाडीचा फोटो त्यांच्यासमोर सरकवला आणि म्हटलं, “नाना, सूर्य माझा आहे, सावल्या तेवढ्या तुमच्या.”